संगणकीय खेळरचना व गणित-विज्ञान शिक्षण

संगणकीय खेळरचना व गणित-विज्ञान शिक्षण : संगणकाच्या पडद्यावर खेळला जाणारा खेळ, म्हणजे बोलभाषेतील व्हिडिओ गेम, विद्यार्थ्यांकडून रचून घेऊन त्या रचनेच्या ओघात गणित व विज्ञान यांतील संकल्पना शिकविण्याची पद्धती. तयार शैक्षणिक खेळ विद्यार्थ्यांना खेळावयास देणे याहून ही पद्धती मूलतः भिन्न आहे. खेळणारा विद्यार्थी दुसऱ्याने ठरविलेले नियम पाळतो. रचणाऱ्याला ते नियम स्वतः ठरवावे लागतात आणि यंत्राला कळतील इतक्या निःसंदिग्ध शब्दांत मांडावे लागतात. चेंडू खाली पडतो हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु पडद्यावरचा चेंडू आपण सांगितल्याखेरीज पडत नाही, आणि ‘पड’ एवढे सांगूनही पडत नाही. तो किती वेगाने पडावा, तो वेग दर क्षणी कितीने वाढावा, जमिनीला टेकल्यावर त्याचे काय व्हावे, हे सर्व संख्यांत सांगावे लागते. या पद्धतीचे शैक्षणिक मूल्य या सक्तीत आहे. चित्रांचे आकर्षण व स्पर्धेची गोडी या गोष्टी तिला साहाय्यभूत असल्या, तरी गौण होत.

पार्श्वभूमी : खेळातून व हस्तकृतीतून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातील पाने, बिया, शिंपले अशा साधनांवर बालशिक्षणाची उभारणी केली. पुढे अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी बनविण्याची परंपरा रुजविली. संगणकाच्या संदर्भात हाच विचार प्रथम मांडला तो सेमूर पॅपर्ट (१९२८–२०१६) यांनी. ते मूळचे गणितज्ञ. जिनीव्हा येथे बालमानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांच्यासमवेत काही वर्षे काम केल्यानंतर ते अमेरिकेतील मॅसॅचूसेट्‍स तंत्रविद्या संस्थेत गेले. मूल ज्ञान बाहेरून स्वीकारीत नसून स्वतःच्या मनात त्याची उभारणी करते, हा प्याजे यांचा सिद्धांत. इतरांना दाखविता येईल अशी वस्तू मूल घडवीत असते, तेव्हा ही उभारणी विशेष चांगली होते, अशी पुस्ती पॅपर्ट यांनी त्याला जोडली. १९६७ मध्ये वॉली फॉइर्झाइग, सिंथिया सॉलोमन व पॅपर्ट यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. तीत ‘कासव’ नावाची आकृती ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञांनी चालते व मागे रेघ सोडते. समभुज त्रिकोण काढावयास सांगितल्यास बहुतेक मुले प्रथम ६० अंशांत वळण्याची आज्ञा देतात, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असल्याचे त्यांनी पाठ केलेले असते. कासव मात्र त्रिकोणाऐवजी षट्कोणाच्या वाटेला लागते. वळावयाचा कोन हा आतील कोन नसून बाह्यकोन, म्हणजे १२० अंश, आहे हे मुलाला स्वतः कासवाच्या जागी चालून पाहिल्यावर उमगते. कोणत्याही बंद बहुभुजाकृतीभोवती एक फेरी पूर्ण केली असता एकूण वळण ३६० अंशांचे भरते, हा नियम मग पाठ करावा लागत नाही. पॅपर्ट यांचा माइंडस्टॉर्म्स हा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. चूक म्हणजे दोष नव्हे, तर दुरुस्त करावयाची गोष्ट, ही त्यातील भूमिका शाळेतील लाल शाईच्या परंपरेला छेद देणारी होती.

पॅपर्ट यांच्या विद्यार्थिनी इडिट हॅरेल यांनी बॉस्टन येथील एका शाळेत चौथीच्या १७ मुलांना एक काम दिले : आपल्याहून लहान मुलांना अपूर्णांक शिकविणारी आज्ञावली लोगोमध्ये तयार करणे. काही महिन्यांच्या या कामानंतर त्या मुलांची अपूर्णांकांची जाण तुलनेसाठी घेतलेल्या इतर वर्गांपेक्षा चांगली आढळली. हे संशोधन १९९१ मध्ये ग्रंथरूपाने आले. यानंतर यास्मिन काफाई यांनी त्याच धर्तीवर १६ मुलांना सहा महिने प्रत्यक्ष खेळच रचावयास लावले (ग्रंथ, १९९५). खेळरचनेद्वारा शिक्षण या विषयाचा शास्त्रीय अभ्यास येथून सुरू झाला असे म्हणता येईल. २००७ मध्ये मिचेल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्क्रॅच’ ही आज्ञावली-रचनेची पद्धती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. तीत आज्ञा टंकलिखित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून त्या रचल्या जातात. त्यामुळे स्पेलिंगच्या व विरामचिन्हांच्या चुकांत मुलांचा जो वेळ जात असे तो वाचला. ही पद्धती हिंदीसह काही भारतीय भाषांत वापरता येते.

नियम आणि आशय : काफाई यांच्या अभ्यासातील एक निरीक्षण आजही प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावे असे आहे. बऱ्याच मुलांच्या खेळांत गणित हे पहारेकऱ्यासारखे उभे होते : नायक गुहेच्या दारापाशी येतो, तेथे त्याला अपूर्णांकाचा प्रश्न विचारला जातो, उत्तर बरोबर आल्यास दार उघडते. अशा खेळातील अपूर्णांक काढून त्या जागी इतिहासातील सनावळी घातली, तरी खेळात काही फरक पडत नाही. याउलट ज्या खेळात गणित हाच नियम असतो, तेथे ते काढून घेतल्यास खेळच उरत नाही. पहिल्या प्रकारचा खेळ म्हणजे रंगीत वेष्टनातील प्रश्नपत्रिका होय. बाजारात ‘शैक्षणिक खेळ’ म्हणून जे मिळते त्याचा फार मोठा भाग या प्रकारात मोडतो, आणि शाळांतून मुलांकडून करवून घेतलेले प्रकल्पही पुष्कळदा याच मार्गाने जातात, कारण ते तपासावयास सोपे असतात. दुसऱ्या प्रकारच्या खेळाची काही उदाहरणे पुढे विस्ताराने दिली आहेत. ती मुद्दाम एकाच परिसरातून, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातून, निवडली आहेत. खेळाचा विषय मुलांच्या ओळखीचा असला म्हणजे नियम बरोबर बसला की नाही हे त्यांना शिक्षकाच्या आधी कळते.

मोक्षपट : प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली (शके १२१२, इ. स. १२९०). सापशिडीचे मूळ रूप असलेला मोक्षपटही ज्ञानेश्वरांनीच रचला, अशी महाराष्ट्रात परंपरा आहे. मात्र आज उपलब्ध असलेले पट त्यांच्या काळानंतर कित्येक शतकांनी तयार झालेले आहेत. अँड्रू टॉप्सफील्ड (१९८५) व जेकब श्मिट-मॅडसन (२०१९) यांनी या भारतीय पटांचा अभ्यास केला आहे. पटाच्या घरांना सद्‌गुणांची व दुर्गुणांची नावे असून सद्‌गुणाच्या घरापासून शिडी वर जाते व दुर्गुणाच्या घरातील साप खाली नेतो. कर्ता कोणीही असो, खेळाच्या नियमातूनच एक विचार सांगण्याचा हा प्रयत्न आहे आणि त्या अर्थाने तो खेळरचनेचा उत्तम नमुना ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गेल्यावर त्यातील तत्त्वज्ञान हळूहळू गळून पडले व उरला तो केवळ फाशांचा खेळ.

या पटाची एक छोटी प्रतिकृती रचावयास दिल्यास तीतून संभाव्यतेचा मोठा भाग शिकविता येतो. समजा, पट १० घरांचा आहे. सोंगटी पटाबाहेरून निघते. नाणे उडवून छापा पडल्यास १ घर व काटा पडल्यास २ घरे पुढे जाते. दहावे घर गाठले किंवा ओलांडले की खेळ संपतो. साप मुळीच नसेल, तर खेळ संपण्यास सरासरीने सुमारे ६·९ वेळा नाणे उडवावे लागते. आता ९ व्या घरात एकच साप ठेवू. तो सोंगटीला ३ ऱ्या घरात आणून सोडतो. खेळ कितीने लांबेल असे विचारल्यास, सहा घरे पुन्हा चालावयाची म्हणजे आणखी चार वेळा नाणे उडवावे लागेल, असे उत्तर बहुधा येते. प्रत्यक्षात सरासरी सुमारे १४·८ होते, म्हणजे एका सापाने खेळ दुपटीहून अधिक लांबतो. कारण असे की, खाली आलेली सोंगटी पुन्हा त्याच वाटेने जाते आणि ९ व्या घरात पडण्याची शक्यता दर वेळी सुमारे दोनतृतीयांश असते. साप एकदा चावून थांबत नाही. सरासरीने तो दोन वेळा चावतो.

हे उत्तर काढण्याचे दोन मार्ग आहेत व खेळरचनेत दोन्ही हाताशी येतात. पहिला प्रयोगाचा : संगणकाकडून हा खेळ १,००० वेळा खेळवून घेऊन सरासरी काढणे. दहा खेळांची सरासरी कधी ९ तर कधी २० येईल, हजार खेळांची मात्र १४·८ च्या आसपास स्थिरावेल. मोठ्या संख्यांचा नियम येथे डोळ्यांनी दिसतो. दुसरा मार्ग विचाराचा : प्रत्येक घरापासून पुढे सरासरी किती वेळा नाणे उडवावे लागेल यासाठी एक चल मानून समीकरणे मांडणे. आठव्या घरापासूनचे मूल्य म्हणजे १ अधिक नवव्या व दहाव्या घरांच्या मूल्यांची सरासरी, नवव्याचे मूल्य तिसऱ्याइतकेच, दहाव्याचे शून्य. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला ही रेषीय समीकरणे सोडविता येतात व तिसऱ्या घराचे मूल्य नेमके ९०/७ येते. हजार खेळांनी दिलेली संख्या व कागदावर मिळालेली संख्या एकमेकींशी जुळतात, तो क्षण या साऱ्या खटाटोपाचे सार्थक करणारा असतो. [⟶ संभाव्यता सिद्धांत].

जुन्या पटांवर फाशाऐवजी कवड्याही टाकीत. चार कवड्यांपैकी उताण्या पडणाऱ्यांची संख्या ०, १, २, ३, ४ असण्याच्या शक्यता, कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडत असेल तर, १ : ४ : ६ : ४ : १ या प्रमाणात असतात. परंतु खरी कवडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. तेव्हा संगणकाला कोणती शक्यता सांगावी, हे ठरविण्यासाठी मुलांना प्रत्यक्ष कवड्या दोनशे वेळा टाकून नोंद ठेवावी लागते. गणिताचा तास येथे विज्ञानाच्या तासात मिसळून जातो. या कामाच्या पहिल्या निम्म्या भागाला, म्हणजे पट आखणे, नियम ठरविणे, खेळून पाहणे व तक्ता भरणे यांना, संगणक लागत नाही हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

उडी व पतन : पडद्यावरील खेळांत उडी मारणारे पात्र हवेच असते. मुले प्रथम त्याला वर सरकवितात व मग खाली आणतात. ती उडी लाकडी दिसते. ‘वेग’ नावाचा एक चल घेऊन दर टप्प्याला पात्र त्या वेगाइतके वर न्यावे व नंतर वेगातून १ वजा करावा, असे सुचविल्यावर उडीत जीव येतो. आरंभीचा वेग १० असल्यास पात्र १०, १९, २७, ३४ असे चढत ५५ एककांवर पोहोचते. ही १० पासून १ पर्यंतच्या अंकगणिती श्रेढीची बेरीज होय. वेग दुप्पट, म्हणजे २०, केल्यास उंची दुपटीऐवजी २१०, म्हणजे जवळजवळ चौपट, होते. भौतिकीतील सूत्रानुसार (वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट) या उंची ५० व २०० यावयास हव्यात. मग पाचाचा फरक कोठून आला? टप्पा निम्मा केला, तर उंची ५२·५ येते; एकदशांश केला, तर ५०·५. टप्पा जसजसा लहान करावा तसतसे उत्तर सूत्राजवळ जाते. कलनशास्त्रातील सीमेची कल्पना एवढ्या सहजपणे दाखविणारे दुसरे साधन शालेय पातळीवर क्वचितच आढळेल.

शनीची गती : नेवासे तालुक्यातीलच शनिशिंगणापूर हे दारे-कुलपे नसलेल्या घरांची परंपरा असलेले गाव व तेथील उघड्या चौथऱ्यावरील शनीची शिळा यांमुळे देशभर प्रसिद्ध आहे. तेथील मुलांच्या कानावर ‘साडेसाती’ व ‘वक्री शनी’ हे शब्द लहानपणापासून पडत असतात. या शब्दांमागे निरीक्षणावर आधारलेले गणित आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्यास सुमारे २९·४६ वर्षे लागतात. राशी १२, म्हणून एका राशीत तो सुमारे २·४६ वर्षे, म्हणजे ढोबळमानाने अडीच वर्षे, असतो. चंद्रराशी, तिच्या मागची व पुढची अशा तीन राशी मिळून जवळपास साडेसात वर्षे होतात. फलज्योतिषाने त्यावर उभारलेल्या शुभाशुभाच्या कल्पनांचा या भागाकाराशी काही संबंध नाही. भागाकार मात्र बरोबर आहे.

शनी व पृथ्वी यांच्या गतींचे सदृशीकरण, म्हणजे प्रत्यक्ष घटनेची पडद्यावरील चालती प्रतिकृती, हा खेळरचनेचा उत्तम विषय होय. पहिली अडचण प्रमाणाची येते. शनीचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ९·५४ पट आहे. स्क्रॅचचा पडदा ४८० एकक रुंद व ३६० एकक उंच असतो. म्हणजे मध्यापासून वर १८० एकक. पृथ्वीच्या कक्षेची त्रिज्या २० घेतल्यास शनीची १९१ होऊन तो पडद्याबाहेर जातो. १८ घेतल्यास १७२ होऊन मावतो. याच प्रमाणात सूर्य काढावयाचा तर त्याचा व्यास एका एककाच्या सुमारे सहाव्या भागाएवढा, म्हणजे दिसणार नाही इतका लहान, होतो. सूर्यकुलाची पाठ्यपुस्तकांतील चित्रे एकाच वेळी अंतरेही व आकारही खऱ्या प्रमाणात का दाखवीत नाहीत, हे येथे कोणी न सांगता कळते.

यानंतर एक टप्पा म्हणजे ५ दिवस मानून पृथ्वीला दर टप्प्यास ४·९३ अंश व शनीला ०·१६७ अंश फिरवावे आणि पृथ्वीवरून शनीकडे जाणारी रेषा काढून तिची दिशा नोंदवीत जावे. बहुतेक काळ ही दिशा एकाच अंगाला सरकते. परंतु पृथ्वी आतल्या कक्षेवरून शनीला मागे टाकून पुढे जाते, त्या सुमारास ती उलट सरकू लागते. वेगाने जाणाऱ्या एस. टी. मधून पाहताना मागे पडणारी बैलगाडी उलट जात असल्याचा भास व्हावा, तसाच हा प्रकार आहे. हाच वक्री शनी. प्रत्यक्षात ही स्थिती सुमारे ३७८ दिवसांनी एकदा येते व साधारण साडेचार महिने टिकते. मुलांच्या आज्ञावलीत ‘वक्री व्हा’ अशी आज्ञा कोठेच नसते, दोन्ही ग्रह सरळ वर्तुळात फिरत असतात, आणि तरीही शनी उलटतो. नियमात न लिहिलेली गोष्ट नियमांतून निष्पन्न होते, हा अनुभव विज्ञानाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. पुढे जिज्ञासू विद्यार्थ्याला केप्लर यांच्या तिसऱ्या नियमापर्यंत नेता येते : ९·५४ चा घन व २९·४६ चा वर्ग दोन्ही सुमारे ८६८ येतात. ही प्रतिकृती वर्तुळाकार कक्षा गृहीत धरते. शनीची खरी कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने सर्व राशींतील त्याचा मुक्काम सारखा नसतो. प्रतिकृती कोठे तोकडी पडते हे शोधणे हाही अभ्यासाचाच भाग होय.

याच भागाला मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी मिळते. कालव्याचे सात टप्पे मानून प्रत्येक टप्प्यात पाझरामुळे १० टक्के पाणी जाते असे धरले, तर टेलच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोहोचेल? सात दाहे सत्तर म्हणून तीस टक्के, हे उत्तर चुकीचे आहे. दर वेळी उरलेल्याच्या १० टक्के जातात, म्हणून सुमारे ४८ टक्के पोहोचते. आवर्तनाचा खेळ रचताना वरच्या खेळाडूने किती पाणी घ्यावे याचा नियम घालावा लागतो आणि वर्गात वादाला तोंड फुटते. तो वाद गणिताच्या तासाबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

भारतातील व महाराष्ट्रातील प्रयत्न : केंद्र शासनाने १९८४ मध्ये ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. आरंभी सुमारे २५० शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी सूक्ष्मसंगणक पुरविण्यात आले. त्यांवरील आज्ञावली बव्हंशी इंग्लंडमधील व इंग्रजी भाषेतील होत्या. यंत्र पोहोचले, आशय परका राहिला, ही त्या प्रकल्पाची मर्यादा पुढील अनेक योजनांतही दिसते. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या लहान वाडीच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील आरंभीचा प्रयोग झाला. पॅपर्ट यांच्या विचारांतून निघालेल्या त्या लॅपटॉपवर कासवभूमितीची आज्ञावली होती. प्रयोग लक्षवेधी ठरला, पण देशात ती योजना मोठ्या प्रमाणावर पसरली नाही.

मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत श्रीधर अय्यर यांच्या मार्गदर्शनाखाली २००७ पासून ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही शालेय संगणक-अभ्यासक्रमाची पुस्तकमाला तयार झाली. विशिष्ट कंपनीची आज्ञावली वापरावयास शिकविण्याऐवजी क्रमाने व पायरीपायरीने विचार करण्यास शिकविणे हे तिचे उद्दिष्ट असून तीत स्क्रॅचचा उपयोग केला आहे. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापिलेला विज्ञान आश्रम खेळ रचीत नाही. तेथे मुले लोखंडकाम, बांधकाम, शेती करतात. तथापि वस्तू घडविताना शिकणे या तत्त्वाचा ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वांत सातत्यपूर्ण आविष्कार तोच असल्याने या विषयाच्या अभ्यासकाला तो वगळून चालणार नाही.

२०१६ पासून केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळण्याची तरतूद झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक टप्प्यापासून आज्ञावली-लेखनाचे उपक्रम सुचविले. त्याच सुमारास खासगी शिकवण्यांनी लहान मुलांच्या पालकांना भुलविणाऱ्या जाहिरातींचा धडाका लावला. त्यांपैकी काही जाहिराती भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या सूचनेनंतर मागे घ्याव्या लागल्या. आज्ञावली-लेखन हा स्वतंत्र, विकत घ्यावयाचा विषय बनला की तो गणित व विज्ञान यांपासून तुटतो, आणि ज्या शाळेत चाळीस मुलांमागे दोन-तीन यंत्रे असतात तेथील मुलाला तो आपला वाटत नाही. वस्तुतः तीन-चार मुलांच्या गटाने एका यंत्रावर काम करणे हे सक्तीचे असले, तरी अहितकारक नाही. आज्ञा कोणती द्यावी याबद्दल मुलांना एकमेकांना पटवावे लागते व त्यासाठी ‘कोन’, ‘चल’, ‘सरासरी’, ‘त्वरण’ हे पाठ्यपुस्तकांतील शब्द त्यांच्या तोंडी येतात. पडद्यावरील ठोकळ्यांचे शब्द व पाठ्यपुस्तकांतील मराठी संज्ञा यांची सांगड शिक्षकाने पहिल्याच दिवशी फळ्यावर घालून द्यावी. अन्यथा मूल खेळ रचते, पण आपण गणित केले हे त्याच्या ध्यानात येत नाही.

परिणामांचे मूल्यमापन : या पद्धतीच्या परिणामांविषयीचा पुरावा संमिश्र आहे. रॉय पी व मिडिअन कर्लंड यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले की, आज्ञावली लिहिण्याने विचारशक्ती आपोआप वाढते या समजुतीला आधार नाही. लोगो शिकलेली मुले इतर कामांच्या नियोजनात सरस ठरली नाहीत. इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक प्राथमिक शाळांत स्क्रॅचच्या साहाय्याने गणित शिकविण्याचा दोन वर्षांचा कार्यक्रम राबविण्यात आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनात मुलांच्या संगणकीय विचारपद्धतीत सुधारणा आढळली, परंतु गणिताच्या राष्ट्रीय परीक्षेतील गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. हॅरेल व काफाई यांचे वर्ग लहान होते, त्यांना महिनोन्‌महिने वेळ होता आणि संशोधक स्वतः वर्गात उपस्थित असत. ज्या शाळेत आठवड्याला एक तासिका मिळते तेथे तसे फलित अपेक्षिणे योग्य नाही.

मूल्यमापन कशाचे करावयाचे हाही प्रश्न आहे. पूर्ण झालेला देखणा खेळ हे शिकण्याचे प्रमाण नव्हे. तो पुष्कळदा दुसऱ्याच्या आज्ञावलीची नक्कल असतो. उपयुक्त कसोटी वेगळी आहे. विद्यार्थ्याच्या खेळातील एक संख्या बदलावी, साप नवव्या घरातून सातव्यात न्यावा किंवा वेगातून १ ऐवजी २ वजा करावा, आणि यंत्र चालविण्यापूर्वी काय घडेल ते त्याला वहीत लिहावयास सांगावे. मग यंत्र चालवावे. वहीतील भाकीत चुकले, तर का चुकले याचे चार ओळींचे टिपण त्याने स्वतः लिहावे. खेळ, भाकीत व टिपण या तिन्हींची नोंद वर्षभर ठेवल्यास मुलाची प्रगती शिक्षकाला व पालकालाही स्पष्ट दिसते, आणि यासाठी संगणककक्षातील एका यंत्रावर आठवड्यातून वीस मिनिटे पुरतात.